मागच्या खोलीची दुसरी किल्ली

मागच्या खोलीच्या दाराला दोन किल्ल्या होत्या. एक तिच्या गळ्यातल्या निळ्या फितीत, रुग्णालयाच्या ओळखपत्राला बिलगून असे. दुसरी आमच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या खुंटीवर. खिडकीतून वारा आला की ती भिंतीवर हलकेच वाजे. त्या आवाजाची मला इतकी सवय झाली होती की तो थांबला तरच लक्ष जाई.

आमचे घर इथे परदेशात, बेडोकमध्ये, अकराव्या मजल्यावर. मागच्या खोलीत सकाळचा उजेड समुद्राच्या बाजूने येतो आणि पांढऱ्या भिंतीवर दुधाच्या सायीसारखा पसरून राहतो. सासू-सासरे पुण्याला परतल्यावर ती खोली वर्षभर रिकामी होती. मग एका मैत्रिणीच्या ओळखीने ती भाडेकरू म्हणून आली. नोव्हेनाच्या एका रुग्णालयात परिचारिका, फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या बेटावरची, तिशीची, पावलांचा आवाज न करता चालणारी. तिच्या देशात थोरल्या बहिणीला ‘आते’ म्हणतात. पहिल्या दिवसापासून मी तिची आते झाले आणि माझा नवरा ‘सर’.

नवरा अभियंता आहे. कोणतीही गोष्ट तो कागदावर उतरवल्याशिवाय सुरू करत नाही. ती राहायला येण्याआधी त्याने एक कागद तयार केला. खोलीत काय करायचे ते तिने ठरवावे. डावी शेगडी तिची, उजवी आमची. फ्रिजचा खालचा कप्पा तिचा. त्यात मासे ठेवायला हरकत नाही, डब्याचे झाकण घट्ट हवे. मुख्य दार, गॅस, वीज आणि एकूण सुरक्षा आमच्याकडे. खोलीची दुसरी किल्ली घरमालकाकडे राहील आणि ती केवळ आणीबाणीच्या प्रसंगी वापरली जाईल. हे भाडेपत्र आहे की राज्यघटना, असे मी त्याला विचारले होते. दोन्हींत तसा फरक नसतो, असे तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

तिने तो कागद जेवणाच्या टेबलापाशी उभ्यानेच वाचला आणि शेवटच्या ओळीपर्यंत येताना तिला हसू आवरेना.

“सर, आमच्याकडं पण असाच कागद आहे. फक्त तो खूप जाड आहे.”

मग सही करण्यापूर्वी तिने पेनाचे टोपण दातांत धरून विचारले, “आणीबाणी आहे की नाही, हे कोण ठरवणार?”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिले, मी खिडकीकडे. “मी,” तो म्हणाला. तिने मान डोलावली, जणू हे उत्तर तिच्या फार पूर्वीच्या ओळखीचे होते, आणि सही केली.

तिच्या जाड कागदाविषयी मला हळूहळू कळत गेले. रात्रपाळी करून ती सकाळी परते, तेव्हा माझी मुलगी शाळेत आणि नवरा कामावर गेलेला असे. मी कविता शिकले, पण पोटासाठी औषधांच्या माहितीपत्रकांचे भाषांतर करते. ते काम घरूनच चालते. डाव्या शेगडीवर तिचा भात आणि सुके मासे, उजवीवर माझा चहा. दोन वास खिडकीपाशी एकमेकांना भेटत आणि बाहेरच्या बांबूंवर वाळत घातलेल्या कपड्यांतून निघून जात. त्या वेळात ती बोले. तिचे इंग्रजी सावकाश, झोपेच्या काठावरचे असे. ऐकता ऐकता आमचे स्वयंपाकघर पाण्यावर तरंगू लागल्यासारखे मला वाटे.

तिचे गाव एका मोठ्या पाणथळीच्या कडेला आहे. इतकी मोठी पाणथळ की तिला दुसरा काठ असल्याचे ती आठ वर्षांची होईपर्यंत कुणी तिला सांगितलेच नव्हते. पाण्यावर जांभळ्या फुलांची दाट चादर. होड्या त्या चादरीतून गेल्या की मागे काळी वाट उमटते आणि थोड्या वेळात मिटते. त्या मिटणाऱ्या वाटांवर तिच्या वडिलांचे तारुण्य गेले. बेटाच्या त्या भागाला स्वतःचे राज्य हवे होते आणि राजधानीला ते द्यायचे नव्हते. पुष्कळ वर्षे लढाई झाली, मग पुष्कळ वर्षे बोलणी. शेवटी तो जाड कागद आला. त्यानुसार शाळा त्यांच्या, मासळीबाजार त्यांचा, शेती त्यांची, लग्ना-वारशाचे निवाडे त्यांचे. सैन्य मात्र राजधानीचे, आणि ते कुठे तळ ठोकून बसेल हेही राजधानीच ठरवणार. त्यांची स्वतःची विधानसभाही व्हायची होती. तोवर राजधानीने नेमलेली माणसे कारभार पाहत होती. निवडणूक एकदा पुढे गेली, मग पुन्हा गेली. भिंतींवरचे उमेदवार उन्हाने पांढरे पडत चालले होते. एकाचे तर फक्त दात उरले आहेत, असे ती म्हणाली होती.

“मंत्री हेलिकॉप्टरनं येतात,” ती सांगे. “खाली उतरताना पाण्यावरची सगळी पानं एका बाजूला झोपतात. भाषण छान असतं. मला खरंच आवडतं. ते गेले की पानं परत उठून बसतात.”

तिच्या भाषेत वडिलांना ‘आमा’ म्हणतात. आमा आता बदके पाळत आणि मासे धरत. पण घराच्या आढ्यावर, तिच्या आईच्या जुन्या मालोंगमध्ये, म्हणजे नळीसारख्या शिवलेल्या रंगीत वस्त्रात, त्यांची बंदूक गुंडाळलेली होती. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजाआधी ते ती उतरवत, पुसत, तेल लावत आणि पुन्हा ठेवून देत. लहानपणी तिला वाटे की शुक्रवारचा वास म्हणजे तेलाचाच वास.

कराराप्रमाणे जुन्या लढवय्यांनी शस्त्रे सोपवायची होती. एकेका गावाची पाळी येत होती. ठरलेल्या दिवशी शाळेच्या मैदानावर जायचे, नाव लिहायचे, बंदूक टेबलावर ठेवायची. पुढे ती यंत्राखाली कापली जाते. तिच्या गावाची पाळी डिसेंबरात होती आणि आमा जायला तयार नव्हते. त्यांनी घातलेला हिशेब साधा होता. आमची बंदूक जाईल, तळावरच्या त्यांच्या बंदुका राहतील. तिचे म्हणणे याच्या उलट होते: आपल्या बंदुका आहेत तोवर तळ हलणार नाही. गावाच्या टोकाला, नारळीच्या बागेला लागून तो तळ होता आणि तिची आई रोज त्याच्या कुंपणाशेजारून पाण्याला जाई, मान खाली घालून. आईने मान वर करून पाण्याला जावे, एवढेच तिला हवे होते. त्यासाठी आमांनी डिसेंबरात त्या मैदानावर जायला हवे होते. दर शुक्रवारी दुपारी ती त्यांना फोन करी आणि दर शुक्रवारी तोच विषय निघे.

एके सकाळी तिने मला सांगितले की या वादात आमच्या घराचाही उपयोग होतो. सरांचा कागद तिने आमांना फोनवर वाचून दाखवला होता. दुसऱ्या किल्लीचे कलम त्यांनी तिला दोनदा वाचायला लावले. तेव्हापासून प्रत्येक फोनच्या शेवटी ते एकच प्रश्न विचारत: उघडलं का त्यांनी? आणि ती सांगे: नाही.

“दोन वर्षं, आते. मी म्हणते, बघा आमा, किल्ली त्यांच्याकडं आहे, भिंतीवर लटकलेली असते, मला रोज दिसते. तरी ते उघडत नाहीत. म्हणजे असं असू शकतं. आता ते हसत नाहीत यावर. आधी हसायचे.”

मी तिच्या भातावर चमचाभर तूप घातले. एवढा मोठा युक्तिवाद आमच्या खुंटीवर टांगलेला आहे, याचा मला त्या वेळी नुसता आनंद झाला.

त्यानंतर नवरात्र आले. खंडेनवमीला घरातली शस्त्रे, अवजारे पुजण्याची आपली रीत मी इथेही सोडलेली नाही. आमच्या घरी तलवार कधीच नव्हती, त्यामुळे लहानपणापासून मी पाहिली ती विळीची, कात्रीची, पेनांची पूजा. ज्याच्या जोरावर आपण जगतो त्याला वर्षातून एकदा हळद-कुंकू लावायचे आणि त्या दिवशी त्याला विश्रांती द्यायची, एवढा सोपा अर्थ मला आईने सांगितला होता. बागेच्या रस्त्याला आपट्याच्या जातीची झाडे आहेत. पाने तोडायला मनाई, म्हणून मी गळलेली दुसऱ्या दिवसाच्या सोन्यासाठी वेचून आणली. झेंडू लिटिल इंडियातून आणला. पाट मांडला. पुण्याहून आणलेली विळी, शिवणाची कात्री, नवऱ्याचा लॅपटॉप आणि स्क्रू-ड्रायव्हरचा संच, मुलीची कंपासपेटी आणि बॅडमिंटनची रॅकेट, माझा पाने सुटत चाललेला शब्दकोश. खोलीभर झेंडूचा तो कडवट, ओलसर वास. दुपार इतकी शांत होती की लिफ्टची घंटाही लांबून आल्यासारखी वाटत होती.

पाटाकडे पाहताना मला काहीतरी राहिल्यासारखे वाटले. घरात सगळ्यांत जास्त कष्ट करणाऱ्या माणसाचे अवजार तिथे नव्हते.

ती दिवसपाळीवर गेली होती. पाचपर्यंत परतणार नव्हती आणि तोवर पूजा उरकून मुलीला शिकवणीला पोचवायचे होते. मी खुंटीवरची किल्ली काढली. मला ते तिचे दार उघडणे वाटलेच नाही. देवघरातून काडेपेटी आणायला जावे तशी मी गेले.

खोली अंधूक होती. पडदा अर्धा ओढलेला. खोबरेल, लिंबाचा साबण आणि त्याखाली अगदी पुसट सुक्या मासळीचा वास. खुर्चीच्या पाठीवर घडी घातलेली नमाजाची चटई. भिंतीवर पाण्याचे एक छायाचित्र, त्यात माणूस नव्हता, फक्त जांभळी फुले आणि मिटत चाललेली काळी वाट. मी त्या वाटेकडे बराच वेळ पाहत राहिले असेन. टेबलावर एका कपात तिची जास्तीची कात्री होती, पट्ट्या कापायची, टोकाला वाकवून बोथट केलेली, म्हणजे कातडीला लागत नाही. किती प्रेमळ अवजार आहे, असे मनात आले. कात्रीची मूठ खिडकीकडे होती, हे मी मुद्दाम लक्षात ठेवले.

पूजा झाली. कात्रीला हळद-कुंकू लावले, फूल वाहिले. तासाभराने मऊ फडक्याने पुसून मी ती पुन्हा त्या कपात ठेवली, मूठ खिडकीकडे करून. दार ओढून घेतले, किल्ली खुंटीला अडकवली. तिला गंमत म्हणून नंतर सांगायचे, असे मनात होते.

पाच वाजता ती आली. मुलीने तिला खिरीची वाटी दिली, तिने तिचे गाल धरले, खोलीत गेली, दार लागले. काहीच झाले नाही. रात्रीच्या जेवणाला ती बाहेर आली नाही, पण पाळी बदलली की तिचे असे होई. सांगायचे राहून गेले.

पुढचे चार दिवस डाव्या शेगडीची जाळी चकचकीत राहिली. फ्रिजच्या खालच्या कप्प्यातला डबा नाहीसा झाला. नहाणीघरात जातानासुद्धा ती खोलीला कुलूप लावू लागली. त्या लहानशा खटक्याचा आवाज ती घरात असताना मी दोन वर्षांत कधी ऐकला नव्हता. भेटली की हसत असे. ते हसू परिचारिकेचे होते, रुग्णाला सुई टोचण्याआधीचे.

पाचव्या सकाळी मी चहाचे आधण ठेवले आणि ती पाणी प्यायला आली तेव्हा तिला बसवले. कुंकू, हेच माझ्या डोक्यात होते. तिचा धर्म वेगळा, मी न विचारता तिच्या वस्तूची पूजा केली, कात्रीच्या बिजागरीत कुंकवाचा कण राहिला असणार आणि तिला ते लागले असणार. मी क्षमा मागितली. आमच्याकडे या दिवसाचे काय महत्त्व आहे ते समजावले, विळीपासून शब्दकोशापर्यंत सगळे सांगितले. ती ऐकत होती. चहाची वाफ तिच्या चेहऱ्यासमोरून जात होती.

“कुंकवाचं काही नाही, आते. ते पुसलं की जातं. ते दिसलं म्हणून तर मला कळलं, नाहीतर कळलंच नसतं.”

मग तिने जे सांगितले ते अगदी शांतपणे सांगितले. ती बारा वर्षांची असताना, आमा बंदुकीसह पाणथळीत होते तेव्हा, सैनिक घर तपासायला आले होते. त्यांनी कुणाला ढकलले नाही. एकाने तर दाराशी बूट काढले. सगळी घरे तपासायचा हुकूम आहे, असे नम्रपणे सांगितले. पेटी उघडली, मालोंग उलगडले, तांदळाच्या रांजणात हात घातला, आणि जे जिथे होते ते तिथे परत ठेवले. आईचा कंगवासुद्धा, दात भिंतीकडे करून, जसा होता तसा. ते गेल्यावर आई त्या कंगव्याकडे पाहून रडली.

“घर विस्कटलं असतं तर आम्ही आवरलं असतं,” ती म्हणाली. “पण सगळं इतकं नीट होतं. तुम्ही मूठसुद्धा खिडकीकडं ठेवलीत.”

आधण उकळून कडेने सांडले. मी उठले नाही. तीच उठली, उजवी शेगडी बंद केली आणि पाठमोरी उभी राहून म्हणाली, “आज शुक्रवार. आमा विचारतील.”

तेव्हा मला खरे कळले की मी काय उघडले होते. नाही म्हटले तर ते खोटे ठरणार होते. हो म्हटले तर, तिने दोन वर्षे जपून ठेवलेला एकुलता एक पुरावा जाणार होता, आणि डिसेंबर दोन महिन्यांवर होता.

मी खुंटीवरची किल्ली काढून तिच्यापुढे टेबलावर ठेवली. मला माफ कर म्हणायचे होते, पण ते कुंकवासाठी एकदा वापरून झाले होते. “काय विचारायला हवं होतं ते मला सुचलंच नाही,” एवढेच म्हणाले. तिने ती उचलून निळ्या फितीत पहिल्या किल्लीशेजारी ओवली. दोन्ही किल्ल्या एकमेकींवर आपटून वाजल्या.

नवरा संध्याकाळी लवकर आला आणि रिकामी खुंटी त्याला लगेच दिसली. त्याचे म्हणणे चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. अकराव्या मजल्यावर एका खोलीतली आग ही एका खोलीची नसते. ती दिवसभर बाहेर असताना काही झाले तर दार फोडायचे का, असे त्याने विचारले. मी म्हणाले, मी आग विझवायला नव्हते गेले. गृहपाठ करत बसलेल्या मुलीने मान वर न करता, इथल्या इंग्रजीत, निकाल दिला. “बाबा, यू जस्ट आस्क हर, ला. व्हॉट्सॅप आहे ना.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “अँड आई, नेक्स्ट टाइम माझी रॅकेट पण आस्क फर्स्ट.” दोन दिवसांनी नवऱ्याने मागच्या खोलीच्या छताला, तिला विचारून आणि तिच्यादेखत, धूर ओळखणारे एक यंत्र बसवले. शिडी तिने धरली होती. कागदावरच्या किल्लीच्या कलमावर त्याने एक सरळ रेघ मारली आणि दोघांनी शेजारी सह्या केल्या.

त्या शुक्रवारी दुपारचा तिचा फोन मी स्वयंपाकघरातून ऐकला. ऐकला म्हणजे दारापलीकडचा आवाज ऐकला, भाषा मला येत नाही. ती आधी बोलली, पुष्कळ वेळ, चढउतार न करता. मग ती ऐकत राहिली. मी भिजलेली डाळ उगाच पुन्हा पुन्हा धूत राहिले. पाणी पांढरे, मग स्वच्छ, मग पुन्हा तेच. नंतर तिचा हसण्याचा आवाज आला, आणि तो लगेच वेगळाच झाला.

बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. तिने खरे सांगितले होते. आमांनी विचारले, त्या बाईंनी काय नेले? कात्री, ती म्हणाली. कशाला नेली? मग तिने त्यांना पाट, झेंडू, विळी, रॅकेट असे सगळे सांगितले. आणि किल्लीचे काय झाले, असे त्यांनी विचारले. माझ्याकडं आहेत, दोन्ही. तू मागितलीस? नाही, त्यांनीच दिली.

“मग म्हणाले,” ती सांगू लागली आणि थांबली. खिडकीबाहेर कुणाचा तरी पिवळा सदरा बांबूवर फुगत होता. “म्हणाले, त्या बाईला सांग, दार उघडलं ते मला आवडलं नाही. कात्रीला फूल वाहिलं ते आवडलं. माझी नेतील तेव्हा तिला कुणी फूल वाहणार नाही.”

ते जाणार की नाही हे त्यांनी सांगितले नव्हते. तिने विचारलेही नव्हते. दोन वर्षांत प्रथमच तिने त्या फोनवर त्यांना काही पटवले नाही.

डिसेंबरातली ती सकाळ मला पाण्याखालून पाहिल्यासारखी आठवते. ती सुटीवर होती. डाव्या शेगडीवर भात शिजत होता. मासळीचा डबा तोवर खालच्या कप्प्यात परतला होता. तिच्या आईचा निरोप आला की आमा पहाटे उठले, बंदूक उतरवली, शुक्रवार नसताना पुसली, तेल लावले. मग आईने तिच्यावर एक जांभळे फूल ठेवले, पाण्यातलेच, आणि मालोंग गुंडाळले. हे करायला आईला कुणी सांगितले होते, ते आम्ही दोघींनी एकमेकींना विचारले नाही. आमा तळाच्या कुंपणाशेजारून चालत मैदानावर गेले. आई त्यांच्याबरोबर निम्म्या वाटेपर्यंत गेली होती.

मग काही नाही. अकरा वाजले, बारा वाजले. मी भाषांतराला बसले आणि एकाच वाक्याभोवती फिरत राहिले. ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला फोन उपडा ठेवून मटार सोलत होती, आमचेच मटार. शेंगा उघडण्याचा मऊ आवाज तेवढा होता.

तीन वाजता फोन आला. आमा घरी परतले होते. बंदुकीसह. मैदानावर शंभरेक म्हातारे सकाळपासून झाडाखाली बसले होते, प्रत्येकाच्या मांडीवर गुंडाळलेले काहीतरी. टेबले मांडलेली होती, पाणी होते, बिस्किटे होती. दुपारी एका अधिकाऱ्याने येऊन आदराने सांगितले की राजधानीतून कळवले आहे, या गावांची पाळी पुढे ढकलली आहे. नवी तारीख कळवू. बिस्किटे सगळ्यांना वाटली गेली.

तिने फोन ठेवला. मी तिच्याकडे पाहू शकले नाही. ती पुन्हा मटार सोलू लागली.

“आता ते तिला परत आढ्यावर ठेवत नाहीयेत,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “दाराशेजारी उभी केलीय. म्हणाले, निरोप देऊन झालाय, आता ती पाहुणी आहे.”

ती तारीख अजून आलेली नाही. निवडणुकीची आली आणि गेली आणि पुन्हा यायची आहे. तळ नारळीच्या बागेला लागून तिथेच आहे. तिची आई पाण्याला जाते. हल्ली मान कशी असते, हे मी एकदा विचारले. तिने जरा विचार केला आणि सांगितले की त्या दिवशी अर्ध्या वाटेपर्यंत गेली होती ना, तेव्हापासून ती कुंपणाकडे पाहते. आतल्या एका स्वयंपाक्याशी तिची नजरेची ओळख झाली आहे. त्याच्याकडेही बदके आहेत.

शुक्रवारचे फोन चालू आहेत. आमा आता किल्लीविषयी विचारत नाहीत. बदकांविषयी, माझ्या मुलीच्या रॅकेटविषयी विचारतात.

यंदाच्या खंडेनवमीला मी तिला आदल्या दिवशी कात्रीविषयी विचारणारा निरोप पाठवला. उत्तर आले नाही, म्हणून मी पुन्हा विचारले नाही. दुपारी पाट मांडत होते, झेंडूच्या देठांचा रस बोटांना लागलेला, तेवढ्यात मागच्या खोलीचा खटका वाजला. ती बाहेर आली, झोपेतून उठलेली, केस मोकळे. हातात कात्री होती. ती तिने विळी आणि शब्दकोश यांच्या मधल्या जागेत स्वतःच ठेवली, मूठ कोणत्या बाजूला आहे ते न बघता. मग गळ्यातली फीत काढली आणि तिच्यातली एक किल्ली सोडवून कात्रीशेजारी ठेवली.

“हिला पण लावा,” ती म्हणाली. “आणि आमांना फोटो हवाय.”

मी हळद लावली, कुंकू लावले, फूल वाहिले. तिने वाकून फोटो काढला, नीट आला नाही म्हणून दुसरा काढला. तासाभराने कात्री उचलून ती खोलीत गेली. किल्ली पाटावरच राहिली. मी हाक मारून विचारले, ही कुठे ठेवू.

“होती तिथंच,” आतून आवाज आला.

मी ती पुसली नाही. कुंकवासकट खुंटीला अडकवली. संध्याकाळी समुद्राकडून वारा आला आणि ती भिंतीवर वाजू लागली. सकाळी पाहिले तर भिंतीवर एक बारीक लाल रेघ उमटली होती, किल्ली जिथवर हलते तिथवरची.